जोडीचा शब्द

आपल्या पोराला आळशी म्हणायचा हक्क फक्त आईला असतो. दुसऱ्या कुणी म्हटलं की तीच आई पदर खोचून भांडायला उभी राहते. मी काही त्याला अपवाद नाही. पण त्या वर्षीच्या महाराष्ट्र दिनाला जे झालं, ते नुसत्या आईच्या भांडणावर थांबलं नाही, म्हणून सांगते.

आम्ही तेव्हा बहारीनमधल्या मआमीरला राहायचो. माझे यजमान रामजी शेजारच्याच कारखान्यांच्या पट्ट्यात इन्स्ट्रुमेंट टेक्निशियन होते. मूळचे आम्ही दोघंही भंडारा जिल्ह्यातले. खिडकी उघडली की गॅसचा वास आत यायचा, म्हणून खिडक्या बंद आणि एसी चालू, असा आमचा संसार. उज्ज्वल नऊ वर्षांचा. जन्म बहारीनचा, शाळा ईसा टाउनची, बोलणं सगळं इंग्रजी. मी मराठीत विचारायचं, त्यानं इंग्रजीत उत्तर द्यायचं, असं आमचं बरं चाललं होतं. तरी भाषा सुटू नये म्हणून दर शुक्रवारी, म्हणजे इथल्या सुट्टीच्या दिवशी, मी त्याला निवेदिता मॅडमच्या मराठीच्या वर्गाला न्यायची.

मॅडमचे यजमान राजधानीत, मनामाला, बँकेत होते. ईसा टाउनला त्यांचं मोठं घर होतं आणि त्याच्या हॉलमध्ये त्या फुकट शिकवायच्या. बाई मनापासून शिकवायची, खोटं कशाला बोलू? शब्दाचा अर्थ पुस्तकातून पाठ केलेला त्यांना चालत नसे. ज्याचा त्यानं स्वतः तयार करायचा. त्या वर्षी एक मे शुक्रवारीच आला होता, त्यामुळं कार्यक्रम जोरात करायचं ठरलं. लेझीम, गाणी, वडापावचे स्टॉल आणि मॅडमच्या वर्गाचा विरुद्धार्थी शब्दांचा कार्यक्रम. दोन-दोन मुलांच्या जोड्या करायच्या. एकाच्या गळ्यात एका शब्दाची पाटी, दुसऱ्याच्या गळ्यात उलट शब्दाची. स्टेजवर यायचं, आपला शब्द म्हणायचा आणि त्याचा आपण केलेला अर्थ सांगायचा. माझं अक्षर वळणदार, म्हणून सगळ्या पाट्या रंगवायचं काम माझ्याकडं आलं.

कुणाला कुठला शब्द, यासाठी मॅडमनी चिठ्ठ्या टाकल्या. उज्ज्वलची जोडी त्याच्या जिवलग मित्राशी, म्हणजे मॅडमच्याच अनिरुद्धशी होती. उज्ज्वलला ‘स्वच्छ’ आला, अनिरुद्धला ‘अस्वच्छ’. दोघं घरी येताना गाडीत एकमेकांना कोपरानं ढोसून इतके हसले की रामजींना गाडी चालवणं कठीण झालं. अनिरुद्ध त्या दिवशी आमच्याकडं जेवायला होता. झुणका-भाकर त्याला त्याच्या आईच्या वरणभातापेक्षा जास्त आवडायची.

पुढच्या शुक्रवारी पाट्यांसाठी शब्दांची यादी माझ्या हातात आली, तेव्हा ती पार बदललेली होती. बरोबर मेधा होती. तिचा मयुरेश त्याच वर्गात. बाई मुंबईची, तोंडानं सैल आणि मनानं मोकळी.

“अगं, तुला माहीत नाही?” ती म्हणाली. “आठवडाभर निवेदिताचा फोन खणखणत होता. माझ्या मयुरेशला ‘मठ्ठ’ आला होता. त्याचे बाबा म्हणाले, सगळ्या ऑफिससमोर माझा मुलगा मठ्ठ म्हणून उभा राहणार नाही. मी केला फोन, झाला हुशार! सगळ्यांनी केले. तू नाही केलास?”

मी नव्हता केला. एकदा चिठ्ठी निघाली की ती बदलता येते, हेच मला ठाऊक नव्हतं. आमच्याकडं चिठ्ठी म्हणजे चिठ्ठी. यादी वरपासून खालपर्यंत वाचली. हुशार, शूर, सुंदर, प्रामाणिक हे सगळे शब्द मॅनेजर आणि बँकवाल्यांच्या घरी गेले होते. मठ्ठ, भित्रा, कुरूप, लबाड हे कंपनीच्या बसनं येणाऱ्या मुलांच्या पदरात पडले होते, कारण त्यांच्या घरून फोन गेला नव्हता. आणि उज्ज्वलच्या नावापुढं ‘अस्वच्छ’ होतं.

माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी सरळ स्वयंपाकघरात मॅडमकडं गेले.

“मॅडम, उज्ज्वलची चिठ्ठी ‘स्वच्छ’ची होती.”

“हो हो, सरिताताई, त्याचं काय झालं, अनिरुद्धची आजी आलीय ना पुण्याहून. त्यांना नाही चाललं. नातवाच्या गळ्यात असलं काही नको म्हणाल्या. मग मी उज्ज्वललाच विचारलं, बदलशील का रे? तो लगेच ओके टीचर म्हणाला. इतका स्पोर्टिंग आहे तो!”

“मला नाही विचारलं.”

“तुमचा फोन आला नाही ना, म्हणून वाटलं तुम्हाला चालतंय.” त्यांनी माझ्या चेहऱ्याकडं पाहिलं आणि त्यांचा आवाज एकदम मऊ झाला. “तुम्ही भलता अर्थ काढू नका हं. माझ्या मनात तसलं काही नव्हतं. आम्ही घरात जातबीत अजिबात मानत नाही.”

मी जातीतला ‘ज’सुद्धा काढला नव्हता. मी फक्त चिठ्ठीचं बोलत होते. मी तिथं पोचायच्या आधीच मॅडम तिथं जाऊन उभ्या होत्या, म्हणजे रस्ता त्यांना माहीत होता. मी रंगाचे डबे उचलले आणि घरी आले.

घरी भाकऱ्या थापत होते, तर उज्ज्वल ओट्याला टेकून उभा राहिला. त्याचा अर्थ तयार झाला होता. तो अगदी स्टेजवर म्हणायच्या थाटात म्हणाला, “अस्वच्छ म्हणजे ज्याला हात लावला की मग आपल्याला हात धुवावा लागतो.” आणि लगेच, “गुड ना, मम्मी? आय मेड इट मायसेल्फ.”

तव्यावरची भाकरी करपली. मी त्याला चांगलं आहे म्हटलं, दुसरं काय म्हणणार? जे वाक्य त्याच्या आज्याच्या, पणज्याच्या बाबतीत लोक खरं मानून चालले, ते माझ्या पोरानं आपल्या डोक्यानं, हसत हसत, स्वतःसाठी बनवलं होतं. आणि त्याला त्यातलं काहीही माहीत नव्हतं, कारण मी माहीत होऊ दिलं नव्हतं.

आमच्या घरात भिंतीवर तथागतांचा आणि बाबासाहेबांचा फोटो आहे. चौदा एप्रिलला पाच-सहा कुटुंबं आमच्याकडं जमतात, वंदना होते, खीर होते. बाबासाहेब कोण, तर खूप खूप शिकलेला माणूस, देशाची घटना लिहिणारा, एवढं उज्ज्वलला पाठ होतं. त्यांना शाळेत वेगळं का बसवलं, पाणी का दिलं नाही, ते पान मी त्याच्यापुढं कधी उघडलंच नाही. वाटायचं, इथं समुद्रापार कोण विचारतं? शाळेत नाही, दवाखान्यात नाही, कोल्ड स्टोअरवाल्या नझीरच्या वाणसामानाच्या दुकानात नाही. माझ्या पोराला तो शब्द न शिकता मोठं होता आलं, तर एका पिढीचं तरी ओझं उतरलं. माझ्या आयुष्यात मला एवढीच एक गोष्ट जमवायची होती.

रामजी ड्युटीवरून आले तेव्हा मी सगळं सांगितलं. ते पाणी प्यायले, खुर्चीत बसले.

“मी तुले कवापासून म्हणून राहिलो,” ते म्हणाले, “पोराले सांग. आपण नाही सांगतलं तर दुसरा कोणी सांगन, अन् तो बरोबर नाही सांगणार.”

“मले नाही पाहिजे त्याच्या डोक्यात ते. इथं कोणी विचारते का?”

“आज कोणी विचारलं होतं का? तरी आलंच ना घरात.”

मी त्यांचं ताट वाढायला घेतलं. मग तेच म्हणाले, “त्याले प्रोग्रामलेच नको जाऊ देऊ.”

“काहून? लोकांनी बाहेर बसवायच्या आधी आपणच घरी बसवायचं का त्याले?”

त्यांनी ताट पुढं ओढलं. त्यांना माझा स्वभाव माहीत आहे. एकदा मी ‘काहून’ म्हटलं की पुढं बोलण्यात अर्थ नसतो.

नझीरकडून मी केळ्याची रिकामी खोकी आणली, पुठ्ठे कापले, पांढरा रंग दिला, वर निळ्या रंगात शब्द काढले. एका बाजूला यादीतला शब्द. वाळल्यावर पुठ्ठा उलटा केला आणि मागच्या बाजूला त्याचाच उलट शब्द. ‘हुशार’च्या मागं ‘मठ्ठ’, ‘शूर’च्या मागं ‘भित्रा’, ‘स्वच्छ’च्या मागं ‘अस्वच्छ’. एकाही पोराला सोडलं नाही. शेवटच्या तालमीला मुलांना सांगितलं, आपला शब्द सांगून झाला की पाटी फिरवायची आणि जोडीदाराचा शब्द आपण सांगायचा. मुलांना भलतीच मजा वाटली. मॅडमनाही सांगितलं. चोरून काही केलं नाही. त्या लेझीमवाल्यांच्या फेट्यांत अडकल्या होत्या. “दोन्ही बाजूंनी? वा, छान कल्पना आहे!” एवढं म्हणून त्या वळल्या.

कार्यक्रम मनामातल्या एका हॉलमध्ये होता. मी आणि रामजी मधल्या रांगेत बसलो. पुढच्या रांगेत कमिटीची माणसं आणि अनिरुद्धची आजी, नऊवारीत, केसांत गजरा. बहारीनमध्ये गजरा कुठून मिळवला कोण जाणे.

पहिली जोडी मयुरेशची. त्यानं हुशारचा अर्थ सांगितला, टाळ्या पडल्या. मग त्यानं पाटी फिरवली आणि छातीवर ‘मठ्ठ’ घेऊन म्हणाला, “मठ्ठ म्हणजे ज्याला सांगितलं तरी समजत नाही, लाइक माय डॅड विथ द व्हीसीआर.” हॉल हसला. मेधा सगळ्यांत मोठ्यानं हसली, तिचं मला कौतुक वाटलं. मयुरेशच्या बाबांचं तोंड मात्र एवढंसं झालं. पुढं एकेक पाटी फिरत गेली तशी पुढच्या रांगेतली कुजबुज वाढत गेली. शूर भित्रे झाले, सुंदर कुरूप झाले, आणि बसनं येणारी मुलं एकामागून एक हुशार, शूर, प्रामाणिक झाली. कुणी उठून तक्रार करीना. करणार तरी काय? माझ्या मुलाला नको, त्यालाच राहू द्या, असं भर सभेत म्हणायला तोंड कुठून आणायचं? मी हातावर हात ठेवून बसले होते. मला फार बरं वाटत होतं.

मग उज्ज्वल आणि अनिरुद्ध आले.

“स्वच्छ म्हणजे ज्याला हात लावला तरी हात धुवावा लागत नाही,” अनिरुद्ध म्हणाला. दोघांनी मिळून बसवलं होतं ते. उज्ज्वलनं आपलं वाक्य म्हटलं, खणखणीत. रामजींनी मान खाली घातली. मग दोघांनी पाट्या फिरवल्या. माझ्या पोराच्या छातीवर निळ्या अक्षरांत ‘स्वच्छ’ आलं आणि अनिरुद्धच्या छातीवर दुसरं.

“अगं निवेदिता!” आजी उठून उभ्याच राहिल्या. आवाज शेवटच्या रांगेपर्यंत गेला. “आधी काढ बघू ते त्याच्या गळ्यातलं! शोभतं का आपल्याला?”

अनिरुद्ध घाबरला. वाक्य विसरला. त्यानं आजीकडं पाहिलं, आईकडं पाहिलं, पाटीकडं पाहिलं आणि त्याचा ओठ थरथरायला लागला. याच क्षणासाठी मी ते पुठ्ठे रंगवले होते. पण ते माझ्या हातची भाकर खाणारं पोर होतं आणि ते रडत होतं.

तेवढ्यात उज्ज्वल पुढं झाला. “इट्स ओके, आय विल डू,” तो हळूच म्हणाला, पण माइकवर ते सगळ्यांना ऐकू गेलं. त्यानं अनिरुद्धची पाटी फिरवून ‘स्वच्छ’ केली. मग आपली फिरवली. ‘अस्वच्छ’ छातीवर घेऊन त्यानं मित्राच्या खांद्यावर हात टाकला आणि हसत उभा राहिला.

हॉलमध्ये टाळ्यांचा कडकडाट झाला. संध्याकाळभरात एवढ्या टाळ्या पडल्या नव्हत्या. सगळ्यांना हायसं वाटलं होतं, सगळं पुन्हा जागच्या जागी गेलं होतं. आजीही टाळ्या वाजवत खाली बसल्या. “गुणाचं पोर आहे हो,” त्या शेजारणीला म्हणाल्या. आणि मग, “कुणाचं?”

माझ्या पोरानं केलं ते चांगलंच केलं. मीच शिकवलंय त्याला तसं. पण त्या टाळ्या मला ऐकवेनात. मी उठले, रांगेतल्या माणसांचे पाय तुडवत बाहेर आले, स्टेजच्या पायऱ्या चढले आणि उज्ज्वलच्या गळ्यातली दोरी काढली.

“सरिताताई, अहो...” मॅडम विंगेतून म्हणाल्या.

“याचं झालं आता, मॅडम,” मी म्हटलं. एका हातात पाटी आणि एका हातात पोराचा हात धरून खाली उतरले. रामजी दारात उभेच होते.

गाडीत उज्ज्वल मागं बसून फुरंगटला होता. मनामाचे दिवे मागं गेले, सित्राकडचा रस्ता लागला. मग तो एकदम फुटला. “व्हाय डिड यू डू दॅट? एव्हरीबडी वॉज क्लॅपिंग! मी अनिरुद्धला हेल्प करत होतो!”

चिडला की त्याला मराठी येतं. रामजींनी आरशातून त्याच्याकडं पाहिलं, मग माझ्याकडं. बोलायचं मला होतं.

मी मागं वळून बसले. “उज्ज्वल, एक शब्द आहे. वर्गात नाही शिकवला तुमच्या. अस्पृश्य.”

“मीन्स?”

“ज्याला हात लावला की लोक हात धुवायचे. आंघोळसुद्धा करायचे.”

तो कपाळाला आठ्या घालून बसला. “बट दॅट इज माय मीनिंग. ते तर अस्वच्छचं आहे.”

“हो. पण ती माणसं अस्वच्छ नव्हती. तुझे नाना शाळेत होते ना, मास्तर त्यांच्या पाटीला हात लावत नव्हते. जमिनीवर ठेव आणि मागं हो म्हणायचे. लांबूनच बघायचे.”

“नाना?” त्याचा आवाज चढला. माझ्या वडिलांवर त्याचा फार जीव. “बट नाना दोन वेळा आंघोळ करतात! ही इज सो क्लीन!”

“तेव्हाही करत होते.”

“देन व्हाय?”

“ज्या घरात जन्मले त्या घरामुळं. त्याच घरात मी जन्मले. तसल्याच घरात पप्पा.” पुढचं मला म्हणवेना. ते त्यानंच म्हटलं.

“अँड मी.”

“हो. आता तसं कुणी केलं तर तो गुन्हा आहे. कायदा आहे तसा. बाबासाहेबांनी तेच लिहिलं.”

तो खिडकीबाहेर बघायला लागला. लांब आमच्या बाजूला कारखान्याच्या धुराड्यावरची आग दिसायला लागली होती. इतकी वर्षं जपलेली गोष्ट माझ्या हातून गेली होती आणि मला रडू येत होतं. ते मी त्याला दिसू दिलं नाही.

“मम्मी, व्हॉट इज द अपोझिट?”

“कशाचा?”

“त्या शब्दाचा. अस्पृश्य.”

“स्पृश्य.”

“तो कोण असतो?”

“बाकीचे सगळे.”

“अनिरुद्ध?”

मी रामजींकडं पाहिलं. ते सरळ रस्त्याकडं बघत होते. “हो,” मी म्हटलं.

“डझ ही नो?”

“नाही रे. त्याला नाही माहीत. तो शब्द कुणी स्वतःला लावत नाही. लावायची वेळच येत नाही त्यांच्यावर.”

उज्ज्वलनं विचार केला. चिठ्ठी, जोडी, पाठ केलेली वाक्यं, सगळं त्याच्या डोक्यात नीट बसलेलं होतं. त्यात आता एक जोडी अर्धीच होती आणि ते त्याला पटत नव्हतं.

“देन ही हॅज टू लर्न इट,” तो म्हणाला. “मला माझा शब्द माहीत आहे, तर त्यालापण त्याचा पाहिजे. ही इज माय पार्टनर. मी सांगू त्याला?”

आजी, मॅडम, शुक्रवारचा वर्ग, झुणका-भाकर, सगळं माझ्या डोळ्यांपुढून गेलं.

“सांग,” मी म्हटलं.